मॉरिशसची पहिली सहल: नाताळात हप्त्यांवर, की मे महिन्यात स्वतःच्या पैशांवर?

प्रश्न : आम्ही नवरा-बायको दोघेही नोकरी करतो, मुलगी सहा वर्षांची आहे, राहायला नाशिकला. दोघांचे मिळून महिन्याला 1,15,000 रुपये हातात येतात. घराचा हप्ता 32,000, घरखर्च 38,000, शाळा आणि विमा मिळून सरासरी 8,000, एसआयपी 15,000. एफडी 2,40,000 ची आहे. बचत खात्यात गेल्या वर्षभरात साठलेले 90,000 आहेत. दिवाळीला 45,000 बोनस मिळतो, गेल्या वर्षी तो घरदुरुस्तीत गेला. परदेशी कधी गेलेलो नाही. नाताळच्या सुट्टीत मॉरिशसचे सात रात्रींचे पॅकेज तिघांना 3,85,000 ला मिळते आहे, समुद्रावरचे रिसॉर्ट, नाश्ता आणि रात्रीचे जेवण धरून. पोर्ट लुई शहरही पाहायचे आहे. एजंट म्हणतो, 85,000 आता भरा, उरलेले तीन लाख 14 टक्क्यांनी 24 हप्त्यांत फेडा. कर्ज घ्यावे की एफडी मोडावी?

उत्तर : दोन्ही नको. सहल मात्र नक्की करा. मुलगी सहा वर्षांची आहे, तिला वाळू आणि पाणी पुरते, आणि हे वय परत येत नाही. फक्त ती नाताळात आणि या पॅकेजमध्ये करू नका.

आधी तुमच्याच आकड्यांकडे बघू. उत्पन्नातून सगळे वजा केले की महिन्याला 22,000 उरायला हवेत. वर्षाचे झाले 2,64,000. खात्यात साठले 90,000. म्हणजे कागदावर 22,000 उरतात, प्रत्यक्षात साडेसात हजार. उरलेले साडेचौदा हजार कुठे जातात हे पत्रात नाही, आणि बहुतेक घरांत ते कुणालाच नेमके सांगता येत नाही. लग्नाचे आहेर, गाडीची सर्व्हिसिंग, सणाची खरेदी, बाहेरचे जेवण. ही उधळपट्टी आहे असे मी म्हणत नाही. पण खरी शिल्लक 7,500 असताना 14,404 रुपयांचा हप्ता डोक्यावर घेतलात, तर तिसऱ्या-चौथ्या महिन्यात एसआयपी थांबेल. सहलीचे कर्ज बहुतेकदा असेच फेडले जाते: हप्ता चुकत नाही, गुंतवणूक बंद पडते.

तीन लाख, 14 टक्के, 24 महिने, म्हणजे एकूण परतफेड सुमारे 3,45,700. व्याज 45,700. प्रक्रिया शुल्क 2 टक्के धरले तर 6,000, त्यावर 18 टक्के जीएसटी 1,080. हे 7,080 आधीच कापून घेतात, हप्ता मात्र पूर्ण तीन लाखांवर बसतो. त्यामुळे 14 टक्क्यांचे कर्ज प्रत्यक्षात जवळपास साडेसोळा टक्क्यांना पडते. कर्ज देणाऱ्याला ‘की फॅक्ट स्टेटमेंट’ द्यावेच लागते आणि त्यात वार्षिक दर, म्हणजे एपीआर, छापलेला असतो. तोच आकडा बघा. ‘नो कॉस्ट ईएमआय’ असा शब्द आला तर एकच प्रश्न विचारा, एकरकमी भरले तर किती सूट? ती सूट म्हणजेच व्याज.

एफडीचे. तुमचा अटळ खर्च महिन्याला 78,000 आहे. तीन महिन्यांचे होतात 2,34,000. म्हणजे ही एफडी म्हणजे बरोबर तीन महिन्यांचा श्वास आहे, त्यापलीकडे काही नाही. दोघांपैकी एकाची नोकरी गेली तर घराचा हप्ता तिच्यातूनच जाणार. मोडणावळीचा एक टक्का किंवा कमी झालेले व्याज हे नुकसान किरकोळ आहे. खरे नुकसान हे की सहलीहून परतल्यावर तुमच्यापाशी अडीअडचणीचा एक रुपया नसेल.

आता पॅकेजकडे. 3,85,000 मधला मोठा हिस्सा दोन गोष्टींचा आहे, तारखेचा आणि ‘समुद्रावरचे रिसॉर्ट’ या दोन शब्दांचा.

तारखेचे असे, की नाताळ ते नववर्ष हा मॉरिशसचा सर्वांत महाग आठवडा. थंडीतून पळालेले युरोपातले लोक तेव्हा हॉटेले भरून टाकतात. शिवाय बेट दक्षिण गोलार्धात आहे, त्यामुळे डिसेंबर म्हणजे तिथला दमट उन्हाळा. पाऊस आणि चक्रीवादळांचा काळ साधारण नोव्हेंबर ते एप्रिल, त्यातही जानेवारी ते मार्च जोखीम जास्त. म्हणजे सर्वाधिक पैसे देऊन तुम्ही सर्वाधिक घाम विकत घेताय. मे महिन्यात पाऊस ओसरलेला असतो, हवा निवते, समुद्राचे पाणी मुलांना डुंबता येईल इतके कोमट असते, आणि मुलीला शाळेची सुट्टी असते. एक तोटा आहे: मे ही आपल्याकडच्या सगळ्यांचीच सुट्टी, त्यामुळे मुंबईहून विमानाची तिकिटे स्वस्त मिळणार नाहीत. वाचेल ते हॉटेलात.

आणि रिसॉर्ट. मॉरिशसमध्ये भरतीच्या रेषेपर्यंतचा किनारा सार्वजनिक आहे. हॉटेलचा हक्क मागच्या जमिनीवर असतो, वाळूवर नसतो. खुर्च्या आणि छत्र्या त्यांच्या, किनारा सगळ्यांचा. फ्लिक आं फ्लाकला रस्त्यापलीकडच्या गल्लीत स्वयंपाकघर असलेले छोटे अपार्टमेंट घेतलेत तरी पाच मिनिटांत त्याच वाळूवर पोचता. पश्चिमेचा हा किनारा मी मुद्दाम सुचवतो. आग्नेयेकडून येणारे व्यापारी वारे पूर्वेला, बेल मारच्या बाजूला, मेपासून जोर धरू लागतात. पश्चिम बाजू डोंगरांच्या आडोशाला असते. बाहेर प्रवाळाची भिंत असल्याने किनाऱ्यालगतचे पाणी शांत आणि उथळ राहते. प्रवाळामुळेच तिघांना पाण्यात घालायचे रबरी बूट हवेत, नाहीतर तळव्यात समुद्री साळिंदराचे काटे मोडतात. ते इथूनच घेऊन जा.

‘रात्रीचे जेवण धरून’ हेही नीट वाचा. पेये, अगदी पाणीसुद्धा, बहुधा वेगळे लागते. दिवसभर शामारेलची रंगीत माती आणि गंगा तलाव बघून दमलेल्या मुलीला घेऊन तुम्ही जेवणाच्या वेळेत रिसॉर्टवर पोचला नाहीत, तर भरलेले पैसे बुडाले. उलट डाळपुरी रस्तोरस्ती मिळते: हरभऱ्यासारख्या पिवळ्या वाटाण्याच्या डाळीचे सारण भरलेली मऊ पोळी, वर भाजी आणि चटणी. चटणी बाजूला ठेवायला सांगितली तर मुलगीही आवडीने खाईल, आणि खिशाला ती अजिबात लागत नाही.

म्हणून माझी मांडणी अशी: सहा रात्री, पैकी चार अपार्टमेंटमध्ये आणि शेवटच्या दोन चांगल्या हॉटेलात. रिसॉर्टची हौस दोन रात्रींत फिटते.

पैसे उभे करायचे ते जुलै ते एप्रिल. पगाराच्या दुसऱ्या दिवशी, समजा 5 तारखेला, बँकेत दोन आरडी सुरू करा. पहिली दरमहा 10,000 ची, सहा महिन्यांची. दुसरी दरमहा 6,000 ची, दहा महिन्यांची. पोस्टाची आरडी इथे चालत नाही, ती पाच वर्षांची असते. पहिली 5 जानेवारीला 60,000 देईल. बचत खात्यातले 60,000 त्यात घाला (30,000 तिथे राहू द्या), दिवाळीचा बोनस 45,000. जानेवारीत हाताशी 1,65,000 झाले, यातून विमानाची तिकिटे. त्यानंतर चार महिने तेच 10,000 बचत खात्यात बाजूला काढा, 40,000. दुसरी आरडी 5 मेला 60,000 घेऊन येईल, म्हणून प्रवास 10 मेनंतर ठेवा. एकूण 2,65,000, व्याज वेगळे. एसआयपीला हात लागत नाही, एफडीला लागत नाही.

दोन आरडी का, एकच का नाही? तिकिटांचे पैसे जानेवारीत लागतात आणि राहण्या-खाण्याचे मे महिन्यात. एकच दहा महिन्यांची केलीत तर ती मध्येच मोडावी लागेल, आणि मोडलेल्या पैशाला पाय फुटतात.

16,000 बाजूला गेल्यावर सटरफटर खर्चाला महिन्याला 6,000 उरतील, आजच्या साडेचौदा हजारांऐवजी. हे सोपे नाही, हे मला कळते. ऑगस्ट-सप्टेंबरच कसोटी लावतील, कारण तेव्हा गणपती येतात. त्या दोन महिन्यांत क्रेडिट कार्डावर बाकी चढली, तर दुसरी आरडी बंद करून 3,000 ची नवी काढा आणि सहलीच्या दोन रात्री कमी करा. 16,000 ची आरडी जमत नसेल तर 14,404 चा हप्ताही जमला नसता, हे मात्र फुकटात कळेल.

या 2,65,000 मधून बांधलेल्या मर्यादा पुढे देतो. हे बाजारातले दर नव्हेत, तुमच्या खिशाने आखलेल्या रेषा आहेत. विमान तिघांचे 1,26,000. अपार्टमेंट चार रात्री 26,000, हॉटेल दोन रात्री 32,000. गाड्या आणि बस 28,000. जेवण, प्रवेशशुल्क, एखादी बोटसफर 26,000. विमा 4,000, पासपोर्ट 4,000, राखीव 18,000. बेरीज 2,64,000. तिकिटे 1,26,000 च्या वर गेली तर आधी हॉटेलची एक रात्र अपार्टमेंटमध्ये हलवा. राखीव रकमेतून भरून काढू नका.

गाड्यांचे 28,000 जास्त वाटतील. विमानतळ बेटाच्या आग्नेय टोकाला आहे आणि फ्लिक आं फ्लाक पश्चिमेला, साधारण तासाभराची वाट. टॅक्सीचे भाडे बसण्यापूर्वी ठरवायचे असते, नंतर वाद घालून उपयोग नाही. बस स्वस्त आहे पण संध्याकाळी लवकर थांबते, म्हणून परतीच्या शेवटच्या बसची वेळ सकाळीच विचारून ठेवा. मेट्रो पोर्ट लुईपासून क्युरपिपपर्यंत बेटाच्या आतल्या शहरांतून जाते. ती ना विमानतळाला पोचते ना डुंबायच्या किनाऱ्यांना. गाडी भाड्याने घेतलीत तर वाहतूक आपल्यासारखीच डावीकडून आहे, पण अनामत म्हणून क्रेडिट कार्डावर मोठी रक्कम अडकते. तेवढी मर्यादा कार्डावर मोकळी हवी.

शहराला एक दिवस पुरतो, आणि तो रविवार नको. रविवारी पोर्ट लुईची बहुतेक दुकाने बंद असतात. सकाळी मध्यवर्ती मंडई, मग आप्रवासी घाट. 1834 पासून भारतातून आलेले करारबद्ध मजूर जिथे उतरवले जात ती ही जागा, 2006 पासून जागतिक वारशात. तिथून कोदाँ वॉटरफ्रंट चालत गाठता येते. तिथल्या ब्लू पेनी म्युझियममध्ये 1847 ची पोस्टाची तिकिटे आहेत. रंग उडू नये म्हणून मूळ तिकिटांवर ठरावीक थोडा वेळच उजेड सोडतात, ती वेळ दारातच विचारा. दिवसाचा खर्च बसभाडे, प्रवेश आणि जेवण एवढाच.

पैसे न्यायचे कसे, यात पहिल्यांदा जाणारे हमखास फसतात, कारण तिथले चलनही रुपयाच. दुकानातल्या पाटीवर रुपये लिहिलेले दिसतात आणि आपण मनात आपलेच रुपये धरतो. मॉरिशसचा एक रुपया आपल्या साधारण दोन रुपयांच्या घरात आहे, म्हणजे 500 ची पाटी हजाराच्या आसपास. कार्ड मशीनवर आयएनआर (आपले रुपये) की एमयूआर (मॉरिशसचे रुपये) असे विचारले तर एमयूआरच निवडा. आयएनआर निवडले की रूपांतराचा दर दुकानदाराची यंत्रणा ठरवते, आणि तो वाईट असतो. फॉरेक्स कार्डाचाही इथे फारसा फायदा नाही: बहुतेक कार्डांत मॉरिशसचा रुपया भरता येत नाही, डॉलर भरून तिथे खर्च केले की दुसऱ्यांदा रूपांतर होते आणि त्याचे शुल्क पुन्हा लागते. त्यापेक्षा परकीय चलनावर मार्कअप, म्हणजे जादा शुल्क, न लावणारे एक कार्ड, 300 ते 400 डॉलर रोख, आणि यूपीआय. फेब्रुवारी 2024 पासून मॉरिशसमध्ये यूपीआय सुरू झाले आहे, पण ते सगळ्या दुकानांत चालते असे धरू नका, आणि ॲपमधला आंतरराष्ट्रीय पर्याय निघण्यापूर्वी चालू करा. उरलेले मॉरिशसचे रुपये परतताना तिथल्या विमानतळावरच बदला.

तरीही पॅकेजच घ्यायचे ठरले तर टीसीएस, म्हणजे एजंट सरकारसाठी तुमच्याकडून आगाऊ गोळा करतो तो कर, विचारा. 3,85,000 वर तो धरलाय की वर लागणार? 2025-26 मध्ये परदेशी सहलींवर 10 लाखांपर्यंत 5 टक्के होता, म्हणजे तुमच्या रकमेवर 19,250. बुकिंगच्या दिवशी लागू असलेला दर लेखी घ्या. हा पैसा बुडत नाही, विवरणपत्र भरताना वळता होतो किंवा परत मिळतो. नोकरदारांना तो कंपनीला कळवून पगारातल्या टीडीएसमध्येही जुळवून घेता येतो. पण तोवर काही महिने तो अडकतो. नुसते विमानाचे तिकीट किंवा नुसते हॉटेल सुटे घेतले तर ते पॅकेज ठरत नाही.

भारतीयांना मॉरिशसचा पर्यटक व्हिसा पोचल्यावर विनाशुल्क मिळतो. परतीचे तिकीट, राहण्याच्या जागेचे बुकिंग आणि पुरेसे पैसे असल्याचा पुरावा मात्र छापून हातात ठेवा. पासपोर्टचे अर्ज याच महिन्यात टाका: मोठ्यांचे प्रत्येकी 1,500 आणि मुलीचे 1,000, आठ वर्षांखालच्या मुलांना 10 टक्के सूट. मुलीच्या अर्जावर आई आणि वडील दोघांच्या संमतीची सही लागते. तिच्या जन्मदाखल्यावरचे तुमच्या नावांचे स्पेलिंग तुमच्या आधारशी अक्षरन् अक्षर जुळते का, ते आजच काढून बघा. तिथे दुरुस्ती निघाली तर महिने जातात, आणि जानेवारीत तिकीट काढताना पासपोर्टवरचे नावच घालावे लागते.