४७३ चौरस फुटांचं घर घ्यावं की थांबावं?

पिंपरीच्या वाचक ताई लिहितात: 'म्हाडाच्या २० टक्के योजनेत वाकडला ४४ चौरस मीटरचं (४७३ चौरस फूट) घर सोडतीत लागलं, किंमत २४ लाख. घरात आम्ही दोघं, सासूबाई आणि सात वर्षांचा मुलगा. नातेवाईक म्हणतात, एवढ्याशा घरात काय राहणार, ५८ लाखांचं टू बीएचके बघा. शिल्लक ९ लाख, दोघांचे मिळून हातात ६४ हजार येतात.'

ताई, घर घ्या.

५८ लाखांच्या घरावर बँक फार तर ८० टक्के कर्ज देईल. उरलेले साडेअकरा लाख, वर मुद्रांक शुल्क, नोंदणी आणि ५ टक्के जीएसटी असे जवळपास १९ लाख रोख लागतील. ते उभे केलेत, तरी साडेआठ टक्क्यांनी वीस वर्षांचा हप्ता ४० हजारांवर जातो. एकाची नोकरी गेली की खेळ खलास.

वाकडच्या घराला २० लाखांचं कर्ज घ्या. हप्ता साधारण १७,४०० रुपये. मार्जिनचे, म्हणजे स्वतःच्या खिशातून भरायचे चार लाख आणि इतर खर्चाचे सव्वादोन लाख भरूनही पावणेतीन लाख हाताशी राहतात. त्यांना हात लावू नका. पंतप्रधान आवास योजना २.० च्या व्याज अनुदानालाही अर्ज करा. पात्र ठरलात तर पाच हप्त्यांत जास्तीत जास्त १ लाख ८० हजार मिळतात. देशात कुठेही पक्कं घर नावावर नसणं ही मुख्य अट.

२० टक्के योजनेतलं हे घर निघालं ते नियमामुळे. मोठ्या शहरांत ४,००० चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या भूखंडावर बांधायचं, तर मूळ बांधकाम क्षेत्राच्या किमान २० टक्के भागात ३० ते ५० चौरस मीटरची घरं ठेवावी लागतात. नुसत्या बाजारावर सोडलं असतं तर वाकडला या किमतीत घर दिसलंच नसतं. भूखंडाचे तुकडे दाखवून ही अट चुकवणाऱ्यांवर कारवाई व्हायलाच हवी. नाशिकमधल्या अशा तक्रारींवर २०२२ मध्ये विधिमंडळात चर्चाही झाली.

अडचण जागेची आहे, ती मी नाकारत नाही. आजी सातलाच दूरदर्शन लावणार आणि नातू त्याच खोलीत पाढे पाठ करणार. शिवाय ताबा मिळाल्यापासून पाच वर्षं घर विकता येणार नाही. बदलीची शक्यता असेल तर मात्र पुन्हा विचार करा.

दरमहा देखभाल किती, पार्किंग मिळणार का, किमतीखेरीज विकासक आणखी काय आकारणार, हे लेखी घ्या. आणि घर स्वीकारत असल्याचं म्हाडाला कळवायची मुदत चुकवू नका.