एक्झिक्युटिव्ह म्हणजे साहेबच ना?

पत्र असं आलंय: "सर, आम्ही चोपडा तालुक्यातले, केळीवाले. मुलगा बी.एस्सी. ॲग्री झाला, दोन ऑफर आल्यात. एक खत-औषधाच्या कंपनीत 'सीनियर सेल्स एक्झिक्युटिव्ह', वर्षाला 3 लाखाचं पॅकेज. दुसरी जळगावकडे टिश्यू कल्चरच्या लॅबमध्ये 'ट्रेनी असिस्टंट', हातात महिना 16 हजार. पोराचा जीव लॅबमध्ये आहे. पण झेडपीचे सीईओ एक्झिक्युटिव्ह, बांधकामचे मोठे साहेब एक्झिक्युटिव्ह इंजिनिअर, मग हे पद मोठंच ना? शिवाय सोयरिकीच्या बायोडाटात असिस्टंट लिहायचं म्हणजे कसंतरीच वाटतं."

भाऊ, नमस्कार. झेडपीचं उदाहरण तुम्ही बरोबर दिलं, पण घोळ तिथूनच सुरू होतो.

एक्झिक्युटिव्ह हा शब्द मुळात मोठा पण नाही नि छोटा पण नाही. ठरलेलं काम तडीस नेणारा, एवढाच त्याचा अर्थ, आपल्या सरकारी मराठीत त्याला कार्यकारी म्हणतात. झेडपीत ठराव करते निवडून आलेली सभा आणि त्याची अंमलबजावणी करतो सीईओ, म्हणून तो मुख्य कार्यकारी अधिकारी, बहुतेक वेळा आयएएस असतो, त्याच्या हाताखाली झेडपीची जिल्हाभरातली यंत्रणा. तुमचे तहसीलदार कार्यकारी दंडाधिकारी असतात, म्हणजे कोर्टातले जज नाहीत पण दंडाधिकाऱ्याचे काही अधिकार त्यांना असतात. बांधकामचा एक्झिक्युटिव्ह इंजिनिअर एका विभागाचा साहेब खरा, पण त्याच्या डोक्यावर अधीक्षक अभियंता आणि मुख्य अभियंता बसलेलेच आहेत. सरकारी कंपन्यांत तर एक्झिक्युटिव्ह म्हणजे सगळा अधिकारी वर्ग आणि नॉन-एक्झिक्युटिव्ह म्हणजे कामगार वर्ग, तिथं या शब्दाला खरंच वजन आहे. अमेरिकेत हा शब्द कंपनीच्या वरच्या मजल्यावरच्या लोकांना लावतात आणि इंग्लंडच्या सरकारी नोकरीत मात्र एक्झिक्युटिव्ह ऑफिसर ही खालच्या पायऱ्यांतली एक पायरी आहे, त्याच्यावर हायर एक्झिक्युटिव्ह ऑफिसर असतो.

आता आपल्याकडच्या खाजगी कंपन्या बघा. डिलिव्हरी एक्झिक्युटिव्ह, हाउसकीपिंग एक्झिक्युटिव्ह, फोनवरचा कस्टमर केअर एक्झिक्युटिव्ह. सेल्समन म्हटलं की पोरं नाक मुरडतात, म्हणून त्याच कामाला कुठे सेल्स एक्झिक्युटिव्ह, कुठे सेल्स ऑफिसर, कुठे एमडीओ (मार्केट डेव्हलपमेंट ऑफिसर), कुठे बिझनेस असोसिएट, औषध कंपनीत एमआर आणि बँकेत सरळ रिलेशनशिप मॅनेजर. मॅनेजर, पण मॅनेज करायला हाताखाली एक माणूस नाही! ('पार्टनर' लिहिलेलं दिसलं तर अजून सावध, कारण तिथं बऱ्याचदा तुम्ही कंपनीचे कर्मचारी सुद्धा नसता.)

मी स्वतः यात पडलोय म्हणून सांगतो. माझं पहिलं कार्ड 'कलेक्शन एक्झिक्युटिव्ह'चं होतं, आईने ते गल्लीत सगळ्यांना दाखवलं, शेजारच्या आजी म्हणाल्या, तुना पोऱ्या ते साहेब व्हयी ग्या. आणि साहेब मे महिन्याच्या उन्हात डोक्याला उपरणं गुंडाळून गावोगाव मोटरसायकलचे थकलेले हप्ते मागत फिरायचा, लोक बिचारे आधी पाण्याचा तांब्या पुढे करायचे मग कापूस विकला की देतो म्हणायचे.

तर पदनाव झाकून ठेवा आणि पैसे मोजा. 3 लाखातले किती फिक्स ते विचारा. समजा 60 हजार इन्सेंटिव्ह असेल, म्हणजे टार्गेट झालं तरच, तर उरले 2 लाख 40 हजार, महिन्याला 20 हजार. बेसिक 10 हजार धरलं तर कंपनीच्या वाट्याचा पीएफ 1,200 त्यातूनच, ग्रॅच्युइटीचे साधारण 480 पण पॅकेजमध्येच धरतात, मग पोराच्या वाट्याचा पीएफ परत 1,200, प्रोफेशनल टॅक्स 200. हातात आले 16,900 च्या आसपास. म्हणजे असिस्टंटच्या 16 हजारात आणि सीनियर साहेबाच्या पगारात फरक राहिला 900 चा, आणि पेट्रोलचे पैसे वेगळे मिळत नसतील तर तोही नाही. ही माझी अंदाजाची फोड आहे, तुमच्या लेटरमध्ये खरी दिलेली असेल ती बघा.

सेल्सची नोकरी वाईट नाही हो, उलट शेतकऱ्याच्या पोराला ती चांगली जमते. पण खत-औषधाच्या धंद्यात माल दुकानदाराच्या गळ्यात मारून भागत नाही, सीझन संपला की दुकानदाराकडची उधारी पण सेल्सवाल्यालाच वसूल करून आणायची असते. मुलाला हे जमेल का, की तो चार लोकांत गप्प बसणारा आहे, हे माझ्यापेक्षा तुम्हाला जास्त माहिती. तो सीनियर आहे तर त्याच्या हाताखाली ज्युनियर कोण, हे पण विचाराच. आणि भांडणाची वेळ आली तर कायदा पदनाव बघत नाही, माणूस रोज प्रत्यक्ष काय काम करतो ते बघतो.

आता तुमचं असिस्टंटचं दुखणं. आयएएसची सुरुवातच असिस्टंट कलेक्टर म्हणून होते. कॉलेजातले सर असिस्टंट प्रोफेसर असतात, त्यांच्या बायोडाटाला कोणी नाक मुरडलेलं मी बघितलं नाही. तुमचा मुलगा लॅबमध्ये बाटलीतली रोपं कापणार, शेडमध्ये हार्डनिंग, म्हणजे ती रोपं बाहेरच्या हवेला तयार करणं, बघणार, तुमच्या जी-नाईन केळीच्या बागेत जी रोपं येतात ती सीएमव्ही या विषाणूरोगाशिवाय कशी तयार करायची ते शिकणार, आणि चोपडा-यावल-रावेरच्या पट्ट्यात हे काम येणाऱ्याला दोन वर्षांनी कोणी बोलावणार नाही असं मला तरी वाटत नाही. माझा कल लॅबकडे आहे. फक्त ट्रेनी किती महिने, नंतर कायम करतात का, पगार किती वाढेल आणि बॉन्ड आहे का, हे तोंडी ऐकू नका, लेखी घ्या.

बायोडाटात 'टिश्यू कल्चर लॅब, जळगाव' असं लिहा, पाव्हणे पदनाव विचारणारच नाहीत, केळीच्या रोपाचा भाव विचारतील.

शनिवारी दुपारनंतर मुलाला घेऊन या. दोन्ही ऑफर लेटरच्या झेरॉक्स आणा, मागची पानं पण, नोटीस पिरियड तिथंच बारीक अक्षरात असतो.