नव्याने नमाज धरणाऱ्या धाकट्या भावाला

फर्ज, म्हणजे सक्तीच्या नमाजा, पाचही वेळच्या धर, पण नफलांची, म्हणजे ऐच्छिक नमाजांची, घाई नको. दिवसाच्या सतरा फर्ज रकात (नमाजेची आवर्तनं) आधी वेळेवर होऊ देत. थोडं असलं तरी नेमाने केलेलं अमल, म्हणजे कृती, अल्लाहला जास्त प्रिय, असं हदीसमध्येच, म्हणजे पैगंबरांच्या वचनांत, आहे.

मोबाइलच्या ॲपमध्ये अस्रची, म्हणजे दुपारनंतरच्या नमाजेची, सेटिंग तपास. शाफई आणि हनफी हे इस्लामी कायद्याचे दोन पंथ; आपण कोकणी मुसलमान बहुतेक शाफई. दुपारची मूळ सावली सोडून सावली वस्तूएवढी झाली की आपली अस्र लागते. हनफींची दुप्पट सावलीला, म्हणजे बरीच उशिरा. मुंबईत ऑफिसजवळची मशीद हनफी असली, तर त्यांच्या जमातीत (सामूहिक नमाजेत) खुशाल उभा राहा. त्यावरून वाद घालणारे भेटतील, त्यांना सलाम करून पुढे हो.

फज्र, म्हणजे पहाटेची नमाज, बुडते ती रात्रीच्या जागरणाने. इशानंतरच्या, म्हणजे रात्रीच्या नमाजेनंतरच्या, रिकाम्या गप्पा पैगंबरांनाही नापसंत होत्या. मोबाइल दुसऱ्या खोलीत चार्जिंगला लाव.