ईमेलवरून माणूस पडताळताना

नोकरी देतो म्हणणाऱ्याचा ईमेल खरा का, हे बघायचंय ना? मग आधी ॲटच्या चिन्हापुढचं डोमेन बघ, कंपनीच्या वेबसाइटशी अक्षर न् अक्षर ताडून. जीमेल असेल तर सावध. मग पूर्ण पत्ता दुहेरी अवतरणचिन्हांत टाकून गूगल कर. त्यानंतर चिन्हाआधीचा भाग वेगळा शोध. बरेच जण तेच नाव इन्स्टाग्राम, गिटहब (प्रोग्रामर आपला कोड ठेवतात ती साइट), सगळीकडे वापरतात. धागा बहुतेकदा इथेच लागतो. पण नाव जुळलं म्हणजे माणूस तोच, असं धरू नकोस. फोटो, शहर, कामाची जागा, यातलं आणखी काही जुळायलाच हवं. लिंक्डइनवर किती वर्षांचं काम दिसतं, ओळखीचं कुणी जोडलेलं आहे का, तेही बघ.

फेसबुकवर ईमेल टाकून शोधायची सोय २०१८ मध्येच बंद झाली, तिथे वेळ घालवू नकोस. 'पासवर्ड विसरलो' दाबून खातं आहे का बघ, असं कुणी सुचवेल. ते अजिबात करायचं नाही. समोरच्याला मेल जाऊ शकतो, आणि दुसऱ्याच्या खात्याशी असं खेळणं बरं नव्हे. तुझ्याशी बोलायचं थांबवलेल्या माणसाचा माग काढायला तर यातलं काहीच वापरू नकोस. आज स्वतःचाच पत्ता शोधून बघ, काय काय उघडं आहे ते कळेल.