३८ पर्सेंटाइल आणि संख्याशास्त्राची धास्ती

गणित नको म्हणून आर्ट्सला जायचं, तर तिथे मानसशास्त्राला म्हणे स्टॅटिस्टिक्स, म्हणजे संख्याशास्त्र, असतंच. त्यात हा विषय शाळेपासूनच सगळ्यांना सक्तीचा करा, असंही अधूनमधून कानावर येतं. मग गणिताचा धसका घेतलेल्या मुलांनी करायचं तरी काय? दहावीचा निकाल लागला की समुपदेशक म्हणून हा प्रश्न माझ्याकडे हमखास येतो. यंदा तो सदाशिव पेठेतल्या एका वडिलांनी विचारला. (ओळख पटू नये म्हणून घरचे तपशील थोडे बदलले आहेत.)

वडील सहकारी बँकेत आहेत. मुलीला दहावीला चांगले मार्क होते, फक्त गणितात घसरलेली. तिला मानसशास्त्र शिकायचं होतं. सोबत अभिक्षमता चाचणीचा (ॲप्टिट्यूड टेस्टचा) रिपोर्ट होता आणि त्यातल्या एका आकड्याभोवती लाल गोल केलेला होता.

"मॅडम, संख्यात्मक क्षमता अडतीस. पासिंग पस्तीसला असतं. म्हणजे काठावर पास! हिच्या मागे आणखी एक गणित कशाला लावायचं?"

मुलगी मान खाली घालून बसली होती. लाल गोल तिनेच केला होता, हे नंतर कळलं.

मी आधी त्या आकड्याबद्दलच बोलले. हे ३८ मार्क नव्हेत, पर्सेंटाइल आहे. ज्या मुलांशी तुलना करून हा रिपोर्ट तयार झाला, त्या शंभरातली साधारण अडतीस मुलं हिच्या मागे आहेत. यात पास-नापास असं काही नसतंच. २५ ते ७५ हा पट्टा बहुतेक चाचण्यांमध्ये सर्वसाधारण समजतात आणि ही त्याच्या आत आहे. दुसरं म्हणजे, कुठलीही चाचणी इतकी काटेकोर नसते की अडतीस म्हणजे अडतीसच. तीच मुलगी आठवड्याने त्याच तोडीच्या दुसऱ्या चाचणीला बसली असती, तर आकडा पंचविशीपासून पन्नाशीपर्यंत कुठेही आला असता. म्हणून रिपोर्ट वाचताना मी बिंदू पाहत नाही, पट्टा पाहते.

वडिलांना ते पटलं नाही. "आकडा तो आकडा, मॅडम. आमच्याकडे बॅलन्समध्ये एक रुपयाचा फरक चालत नाही."

बँकेत ते बरोबरच आहे. तिथे पैसे मोजलेले असतात. इथे डोळ्यांना न दिसणारी गोष्ट वीस-पंचवीस प्रश्नांवरून अजमावलेली असते. हा फरक कसा सांगावा याचा मी विचार करत होते, तेवढ्यात घरच्या गप्पांतून आजींच्या ब्लडप्रेशरचा विषय निघाला. आजींचं बीपी रोज वहीत लिहायचं काम या मुलीकडेच होतं.

मी विचारलं, "एखाद्या दिवशी एकदम जास्त आलं तर काय करतेस?"

"लगेच घाबरत नाही. एकदा १५६ आलं होतं, पण आजी तेव्हाच जिना चढून आली होती. थोडं थांबून परत बघितलं. आणि डॉक्टरांना एक आकडा सांगत नाही, आठवड्याची वही दाखवते."

एकाच मापावर भरवसा नको, माप कोणत्या परिस्थितीत घेतलं ते बघायचं, पुन्हा घ्यायचं आणि सगळे आकडे एकत्र ठेवून अंदाज बांधायचा. संख्याशास्त्राचा गाभा तिला स्वतःहून कळलेला होता. पण कुणी तिला तसं सांगितलं नव्हतं आणि स्वतःच्या रिपोर्टला तो कसा लावायचा, हे शिकवलं नव्हतं. मी हे बोलून दाखवलं तेव्हा तिने पहिल्यांदा वर पाहिलं.

याच मुद्द्यावर पुण्यात एकेकाळी मोठा वाद झाला आहे. वि. म. दांडेकर आणि नीलकंठ रथ या अर्थतज्ज्ञांनी १९७१ साली भारतातल्या दारिद्र्याचा अभ्यास मांडला, त्यात गरीब कोण हे ठरवायला माणशी रोज २२५० कॅलरी हा आधार धरला होता. पां. वा. सुखात्मे हे सातारा जिल्ह्यातल्या बुधचे, फर्ग्युसनचे विद्यार्थी आणि पुढे जागतिक अन्न व कृषी संघटनेत गेलेले संख्याशास्त्रज्ञ. ते म्हणत, एकाच निरोगी माणसाची गरजसुद्धा रोज कमी-जास्त होते, त्यामुळे सरासरीच्या खाली दिसणारा प्रत्येक जण कुपोषित ठरवता येणार नाही. दांडेकरांना हे मान्य नव्हतं. कोण बरोबर हा वाद अभ्यासक अजूनही घालतील, पण देशात उपाशी किती हे ठरवायलाही आधी चढउतार समजून घ्यावा लागतो. असा वाद ज्या गावात झाला, तिथली हुशार मुलं एका पर्सेंटाइलवरून स्वतःला 'ढ' ठरवतात, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

मग शाळेत हा विषय नसतो का? असतो. दहावीच्या बीजगणिताच्या पुस्तकात 'सांख्यिकी' हे प्रकरण आहे. मध्य (म्हणजे सरासरी), मध्यक (आकडे क्रमाने लावल्यावर मधोमध येणारा), बहुलक, आयतालेख, वृत्तालेख सगळं आहे. पण मुलांना आठवतं ते काय? मध्य काढायच्या तीन पद्धती: सरळ, गृहीतमध्य आणि मध्यप्रमाण विचलन. तिन्हींनी उत्तर तेच येतं. सगळी मेहनत रीत न चुकण्यात जाते. या माहितीत मध्य वापरावा की मध्यक, हे विचारायला वेळच उरत नाही. दहावीनंतर आर्ट्सला गणित ऐच्छिक, कॉमर्सलाही ते सोडता येतं. म्हणजे असंख्य मुलांचा या विषयाशी संबंध त्या एका प्रकरणावर संपतो. अकरावीच्या अर्थशास्त्रात 'विभाजन मूल्ये' भेटतात, त्यात शतमक, म्हणजे पर्सेंटाइलही येतं, पण तोही पाठ सूत्रात किंमती घालण्यापुरताच उरतो.

म्हणून माझं स्पष्ट मत आहे की संख्याशास्त्र बारावीपर्यंत सगळ्या शाखांना सक्तीचं असावं. गाणं शिकणाऱ्या मुलालाही आणि मेडिकलला जाणाऱ्या मुलीलाही. सीईटीचे ९० पर्सेंटाइल म्हणजे नव्वद टक्के मार्क, असं समजणारे सुशिक्षित पालक मी बघते. तीन लाख मुलं बसली तर एकेका पर्सेंटाइलमध्ये तीन हजार मुलं असतात, हे माहीत नसताना घरात रात्र-रात्र भांडणं होतात. क्लासच्या फ्लेक्सवर पन्नास हसरे चेहरे असतात, पण त्या बॅचला एकूण किती मुलं होती हे लिहिलेलं नसतं. कॉलेजं सरासरी पॅकेज सांगतात. दोघांना परदेशात मोठा पगार मिळाला की सरासरी फुगते, बाकीच्यांना काय मिळालं ते मध्यकावरून कळतं. एनआयआरएफ या केंद्र सरकारच्या कॉलेजांच्या क्रमवारीतही पगाराचा मध्यकच धरतात. लाखो रुपयांची फी आणि मुलांची उमेद अशा आकड्यांवर पणाला लागते.

पण सक्ती म्हणजे बोर्डाचा आणखी एक पेपर असेल, तर माझा विरोध आहे. तसं झालं तर या वडिलांची भीती खरी ठरेल. आणि नुसती जर्नल-प्रकल्पाची सक्ती केली, तर पर्यावरणाच्या प्रकल्पांचं जे होतं तेच होईल, आयतं उतरवून काढतील. हा विषय गणिताच्या तासातून बाहेर काढायला हवा. मुलांनी स्वतः माहिती गोळा करावी, त्यातून काय म्हणता येतं आणि काय म्हणता येत नाही हे वर्गात उभं राहून सांगावं, आणि मार्क त्या सांगण्याला असावेत. भूगोलाच्या किंवा मराठीच्या शिक्षकांनाही हे जमेल, मात्र त्यांना नीट प्रशिक्षण आणि तासिका द्यायला हव्यात. खरी अडचण तिथेच आहे, आणि ती छोटी नाही.

त्या मुलीला मी काहीही गोड करून सांगितलं नाही. मानसशास्त्रात प्रमाण विचलन येईल (आकडे सरासरीपासून किती पसरलेत ते), सहसंबंध येईल (दोन गोष्टी एकमेकींबरोबर किती बदलतात ते), दोन गटांतला फरक योगायोगाने आलाय का हे तपासावं लागेल. सुरुवातीला हाताने आकडेमोड करावी लागेल, पुढे ती कॉम्प्युटर करतो. उत्तराचा अर्थ लावणं मात्र शेवटपर्यंत आपल्याकडेच राहतं आणि त्यात तिची भाषिक क्षमता फार उपयोगी पडेल. तिचा तो आकडा ८४ होता. त्याकडे घरात कुणी पाहिलंच नव्हतं.

तिने आर्ट्सला मानसशास्त्र आणि अर्थशास्त्र घेतलंय. गणित घेतलं नाही, आणि मीही आग्रह धरला नाही. वडिलांची धास्ती पूर्ण गेली असं मी म्हणणार नाही. निघताना त्यांनी विचारलं की हा रिपोर्ट कुणाशी तुलना करून काढलाय, शहरातल्या मुलांशी की राज्यभरातल्या? रिपोर्टात ते लिहिलेलं नव्हतं. मी त्यांना चाचणी घेणाऱ्यांकडून ते लेखी मागून घ्यायला सांगितलं, आणि रिपोर्ट घेऊन येणाऱ्या प्रत्येक पालकाला आता हेच सांगते. तुलनेचा गट कोणता आणि आकड्याचा पट्टा केवढा, या दोन गोष्टी कळल्याशिवाय मुलाची शाखा ठरवू नका.