तो तक्ता आधी भिंतीवरून काढा

निपाणीजवळच्या एका गावातून एका वडिलांचं पत्र आलं आहे, वखारीच्या जुन्या पावतीबुकाच्या पानावर लिहिलेलं. मुलगी दहावीपर्यंत मराठी शाळेत शिकली, मग पीयूसी (कर्नाटकातली अकरावी-बारावी) सायन्स, दुसऱ्या वर्षाला ८९ टक्के. 'नीट' दोनदा दिली. पहिल्यांदा ७२० पैकी ४३१, दुसऱ्यांदा ४०२. पुढचं त्यांच्याच शब्दांत:

"पोरगी हुशार आहे, खरं ऐकत नाही. मेंदूच्या पेशींवर संशोधन करणार म्हणते. मेंदूचंच करायचं तर मेंदूची डॉक्टर हो म्हटलं. पहिल्या वेळेला कमी पडले तेव्हापासून पहाटे चारला उठवतो. मोबाइल काढून घेतलाय. स्वयंपाकघराच्या भिंतीला टेस्टच्या मार्कांचा तक्ता लावलाय, तिचे लाल पेनने आणि शेजारी चुलत भावाचे हिरव्या पेनने. तो हुबळीला एमबीबीएसला आहे. थोडा ताण दिल्याशिवाय डोकं चालत नाही. मेमरीची पावडर पण सुरू केली, त्यात मेंदूचा ग्रोथ फॅक्टर आहे म्हणतात. तिसऱ्या वेळेला लातूर बरं की कोटा?"

पत्राचे दोन फोटो आले. दुसरा त्याच पानाच्या मागच्या बाजूचा. तिथे पेन्सिलीने सात-आठ ओळी आहेत, अक्षर वेगळं. फोटो पाठवायचं काम लेकीकडे दिलं होतं, हे उघड आहे.

"मॅडम, मागच्या वर्षी आजीला लकवा मारला. उजवा हात गेला. मेंदूच्या पेशी मेल्या, त्या परत येत नाहीत असं सांगितलं. मग आठ महिन्यांनी बोटं हलायला लागली ती कुणी हलवली? चमचा दिला तर पडतो. पण विडीचं पान हातात दिलं की बोटं वळायला बघतात. आजीने चाळीस वर्षं विड्या वळल्यात. टेस्टला बसले की माझाच हात थरथरतो आणि पाठ असलेलं आठवत नाही. रात्री झोप येत नाही." कोपऱ्यात ताऱ्यासारखी एक पेशी काढली आहे, फांद्याफांद्यांची.

भाऊ, लातूर-कोट्याचं नंतर बघू. आधी दोन आकडे शेजारी ठेवा: ४३१ आणि ४०२. चारचा गजर, मोबाइलबंदी, तक्ता हे सगळं पहिल्या निकालानंतर सुरू झालं, हे तुम्हीच लिहिलंय. ज्या औषधाने ताप वाढला त्याचाच दुप्पट डोस देऊ का, असं तुम्ही मला विचारताय. आणि तक्ता लावायला जागा कुठली, तर स्वयंपाकघर. पाणी प्यायला गेली तरी दिसणार, जेवायला बसली तरी दिसणार, उसनी साखर मागायला आलेली शेजारीण तो उभ्याउभ्या वाचणार. लाल पेन हिला आणि हिरवं त्याला, हे कुणी ठरवलं? सहज घडलेलं नाही ते. तुमचा जीव लेकीसाठी तुटतो यात मला शंका नाही, पण त्या भिंतीवर तुम्ही तिचा रोज पंचनामा करताय.

ताणाशिवाय डोकं चालत नाही, हे वाक्य मला महिन्यातून चार पालक तरी ऐकवतात, म्हणून जरा थांबून लिहिते. परीक्षेच्या दिवशी छाती धडधडते, तो तासा-दोन तासांचा ताण कामाचा असतो. महिनोन् महिने मुरलेल्या ताणाची गोष्ट निराळी. हे बाहेरदेशी जाऊन बघायला नको, आपल्याच राज्यात, बेंगळुरूच्या एनसीबीएस या जीवशास्त्र संशोधन संस्थेत सुमंत्र चटर्जी आणि सहकाऱ्यांनी बघितलंय. २००२ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या प्रयोगात उंदरांना रोज २ तास जखडून ठेवलं, असं १० दिवस. आठवणी घडवणारा मेंदूचा भाग म्हणजे हिप्पोकॅम्पस. तिथल्या पेशी मेल्या नाहीत, पण त्यांच्या फांद्या आखडल्या. आणि भीतीचं काम बघणाऱ्या अमिग्डाला या भागात उलटं झालं, तिथल्या फांद्या वाढल्या. पुढे २००४ मध्ये त्यांनी ताणानंतर उंदरांना २१ दिवस विश्रांती देऊन पाहिलं. हिप्पोकॅम्पस पूर्ववत झाला, अमिग्डालातली वाढ तशीच राहिली. म्हणजे आठवणीची बाजू सावरली, भीतीची बाजू मागे हटली नाही. उंदीर म्हणजे तुमची लेक नव्हे, तिच्या डोक्यात नेमकं काय चाललंय हे यावरून मी सांगणार नाही. पण रोज २ तास आणि १० दिवस हा हिशेब ध्यानात ठेवा आणि तुमच्या तक्त्याला किती महिने झाले ते मोजा. "पाठ असलेलं आठवत नाही" याला मन न लावणं म्हणू नका.

पावडर बंद करा. ग्रोथ फॅक्टर हे पेशींना वाढायला मदत करणारं प्रथिन असतं. पोटात गेलं की उकडलेल्या अंड्यासारखं पचतं, मेंदूपर्यंत पोचत नाही. मेंदू स्वतःचे ग्रोथ फॅक्टर स्वतः बनवतो. त्यातल्या बीडीएनएफ नावाच्या एकाचं प्रमाण चाकात पळणाऱ्या उंदरांच्या हिप्पोकॅम्पसमध्ये वाढतं, हे १९९५ मध्येच दिसलं होतं. तेव्हा पावडरीचे पैसे वाचवा आणि संध्याकाळी तिला तासभर मोकळं फिरू द्या, पुस्तक हातात न घेता.

ग्रोथ फॅक्टरचा विषय तुम्हीच काढलात म्हणून एका बापलेकीची गोष्ट सांगते. यातला पहिला ग्रोथ फॅक्टर शोधणाऱ्या रीटा लेवी-मोंताल्चिनी इटलीतल्या तुरीनच्या. मुलीने करिअर केलं तर संसार कसा होणार, म्हणून वडिलांचा पुढे शिकायलाच विरोध होता. विशीत तिने त्यांचं मन वळवलं आणि मेडिकलला गेली. १९३८ च्या वंशभेदी कायद्यांनी ज्यूंना विद्यापीठाबाहेर काढलं, तेव्हा निजायच्या खोलीत प्रयोगशाळा थाटली. शिवणाच्या सुयांना धार लावून कोंबडीच्या अंड्यातल्या पिल्लांच्या नसा तपासल्या. १९८६ ला नोबेल मिळालं. डॉक्टरकीची पदवी होती त्यांच्याकडे, हे तुम्ही म्हणायच्या आत मीच सांगते. पण नाव झालं ते अंड्यांमुळे.

आता मागच्या पानाबद्दल, आणि हे लेकीसाठी.

बाळ, तुझा प्रश्न पहिल्या दर्जाचा आहे. लकव्यात मेलेल्या पेशी परत येत नाहीत, हे तुला बरोबर सांगितलं. पण मेंदू म्हणजे फक्त त्याच पेशी नव्हेत. इजा झाली की आधी मायक्रोग्लिया धावतात. त्या मेंदूच्या सफाई कामगार आणि पहारेकरीही. तू कोपऱ्यात काढलीस ती अ‍ॅस्ट्रोसाइट असणार, म्हणजे मेंदूतल्या इतर पेशींना आधार देणारी पेशी. त्या फुगतात आणि जखमेभोवती कडं करतात. हे कडं म्हणजे नुसता अडथळा, नसांचे नवे धागे पलीकडे जाऊच देत नाही, असं बरीच वर्षं शिकवलं गेलं. २०१६ मध्ये मायकल सोफ्रोनिव्ह या शास्त्रज्ञांच्या गटाने उंदरांच्या मज्जारज्जूत ते कडं होऊच दिलं नाही, तर धागे वाढायचे सोडाच, उलट परिस्थिती बिघडली. खलनायक म्हणून हिणवलेला माणूस घर सावरत होता म्हणायचं. आणि बोटं हलवली कुणी, तर बहुतेक शेजारच्या जिवंत पेशींनी. त्या नवे जोड टाकतात, दुसऱ्या वाटेने निरोप पोचवतात. सगळ्यात जास्त सुधारणा पहिल्या तीन महिन्यांत होते, पण नंतर दार बंद होतं असं नाही.

चमचा पडतो आणि पान वळतं, याचं कारण मी ठामपणे सांगणार नाही. चाळीस वर्षांची सवय असेल, किंवा पान बघून आजींना उत्साह येत असेल, किंवा चमचा धरायला लागणारी ताकदच वेगळी असेल. तीन शक्यता झाल्या. त्या वेगळ्या कशा करायच्या, हे तुझ्या वहीत लिहून बघ. पान तेवढंच पण तंबाखूशिवाय, चमचा हलका, वेळ तीच, तारीख घालून. आजी दमल्या की थांबायचं.

आता दोघांना एकदम. मेंदूचं करायचं तर डॉक्टरच व्हावं लागतं, हे खरं नाही. बीएस्सी-एमएस्सी करून किंवा 'आयसर' या केंद्र सरकारच्या विज्ञान संस्थांची प्रवेश परीक्षा देऊन या वाटेला लागता येतं. पुण्याचं आयसर तुम्हाला एका रात्रीच्या गाडीवर आहे, आणि पुढे मानेसरचं राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्र, बेंगळुरूची भारतीय विज्ञान संस्था (आयआयएस्सी) आहेच. महाराष्ट्रातल्या सीमाभागासाठीच्या जागा आणि कर्नाटकची केसीईटी प्रवेश परीक्षा, असे दोन्ही बाजूंनी अर्ज भरत असाल तर ठीक, भरत राहा. मात्र संशोधनाचं गोड चित्र मी रंगवणार नाही. पीएचडी हातात येईपर्यंत तिशी जवळ येते, जेआरएफ ही संशोधन शिष्यवृत्ती मिळाली तर महिना ३७,००० रुपये, न मिळाली तर ओढाताण, आणि नंतरच्या कायम नोकऱ्या थोड्या.

पण खरं सांगू? ती आठ ओळींची पेन्सिल वाचून मला संशोधनापेक्षा दुसरंच सुचलं. या मुलीला पेशी आवडतात की आजीचा हात? पेशी आवडत असतील तर वर सांगितलं ते. हात आवडत असेल, म्हणजे तो रोज थोडा जास्त उघडावा यात जीव रमत असेल, तर ऑक्युपेशनल थेरपी आणि फिजिओथेरपी बघा. लकव्याच्या रुग्णाचा चांगला हात मोज्यात अडकवून अधू हाताला कामाला लावायची एक रीतसर पद्धत आहे, ठरावीक रुग्णांवर आणि थेरपिस्टच्या देखरेखीखाली. तुझ्या विडीच्या पानाची ती सख्खी बहीण. हे घरी करू नकोस, शिकून कर. आणि कन्नड पक्कं कर. सीमाप्रश्नाचं मत ज्याचं त्याचं असो, लकवा झालेला म्हातारा त्याच्या घरच्या भाषेतच "दुखतंय" म्हणतो, आणि बेळगाव-चिकोडीकडे दोन्ही भाषा येणारी थेरपिस्ट सोन्याच्या मोलाची.

यंदा नीट द्यायची की नाही, हे आज ठरवू नका. तक्ता काढा, गजर साडेपाचला न्या, आणि हात थरथरणं-झोप न येणं यासाठी एकदा डॉक्टरांकडे जा. तोवर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर चोवीस तास मोफत आहे, कन्नडमध्येही बोलता येतं आणि मराठीतही. तिचा मोबाइल निदान तेवढ्यासाठी तरी परत द्या.

आणि एक राहिलं. चाळीस वर्षं तंबाखूत हात असलेल्या आजींना मिसरीची सवय असणार असा माझा अंदाज आहे. एकदा लकवा झालेल्याला तो पुन्हा व्हायचा धोका असतोच, तंबाखूने तो आणखी वाढतो. मिसरी सुटली का, हे पानाच्या पुढच्या बाजूला नाही आणि मागच्याही नाही. तेवढं कळवा.