बाकाच्या वरच्या फळीला रंग देऊ नका

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: शाळेचे चाळीस जुने बाक, लोखंडी पाइपचे सांगाडे, वर लाकडी फळ्या, आठ-दहा बाकांना सनमायका, हाताशी दहा-बारा पालक आणि मे महिन्यातले दोन रविवार. धुऊन-पुसून सरळ निळा ऑइल पेंट मारला तर चालेल का?

चालेल, दिवाळीपर्यंत. मग पोपडे सुटायला लागतील, आणि पोपडे सोलणं पोरांना कुठल्याही विषयापेक्षा जास्त आवडतं.

मी पुण्यातल्या एका शाळेत चित्रकला शिकवायचो. ड्रॉइंगच्या मास्तरला रंगातलं कळतं असं धरून चालल्यामुळे मे महिन्यातले बाक वीसेक वर्षं माझ्याच गळ्यात पडले. पहिल्या वर्षी मीही घाई केली. वर्ग उशिरा रिकामे झाले, म्हणून जूनच्या पहिल्या आठवड्यात फळ्यांना चकचकीत आकाशी रंगाचे दोन हात दिले. हवा दमट. रंग वरून सुकला, आतून ओलाच. त्यात आम्ही बाक एकमेकांवर चढवून ठेवले. सोडवताना रंगाची साल निघाली, आणि शाळा भरली त्या दिवशी पाचवीच्या निम्म्या पोरांच्या चड्ड्यांवर आकाशी पट्टे.

तेव्हापासून माझा नियम एकच: रंग सांगाड्याला, फळीला नाही. फळीवर कर्कटकाची टोकं फिरतात, घामेजलेले हात टेकतात, वह्यांची प्लॅस्टिकची कव्हरं तासन् तास पडून असतात. ऑइल पेंट अशा ठिकाणी चिकट होतो, ओरखडा पडला की खालचा जुना रंग दिसतो, आणि खिडकीजवळच्या मुलाच्या डोळ्यांवर चकाकी येते ती वेगळीच. त्याऐवजी फळी घासून लाकूड उघडं करा आणि बिनचकाकीच्या पारदर्शक पीयू (पॉलियुरेथेन) वार्निशचे तीन पातळ हात द्या. ओरखडे त्यावरही पडतील, पण ते लाकडाचेच दिसतात. पुढच्या मेमध्ये हलका पॉलिश पेपर मारून एक हात दिला की झालं.

आता घासण्याबद्दल, कारण खरं काम तेच आहे. आपल्याकडे घरगुती आणि सजावटीच्या रंगांत शिशाचं प्रमाण ९० पीपीएमच्या (दहा लाख भागांत ९० भाग) वर नको, हा नियम १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. तुमचे बाक त्याआधी रंगवलेले असतील तर त्या रंगात शिसं आहे असंच समजा. जुन्या पिवळ्या, नारिंगी, हिरव्या रंगांत तर हमखास शक्यता. शिशाची धूळ विषारी, म्हणून कोरडं घासायचं नाही. फळीवर पाणी शिंपडून वॉटर पेपरने (ओलं घासायचा पॉलिश पेपर) घासा, लगदा ओल्या फडक्याने टिपून पिशवीत भरा. झाडू मारू नका, जमीन ओल्या फडक्यानेच पुसा. चांगला मास्क लावा. आणि कितीही हट्ट केला तरी मुलांना या कामात घेऊ नका. त्यांना हवं तर नंतर बाकांवर नंबर टाकू द्या. घरी गेल्यावर त्या दिवशीचे कपडे वेगळे धुवा.

पाणी बेताचंच वापरा, नाहीतर प्लायच्या कडा फुगतात. फळी दोन दिवस सावलीत सुकू द्या, मग १२० नंबरचा आणि शेवटी २२०चा पेपर, रेषांच्या दिशेने. वर आलेली खिळ्यांची डोकी आधी ठोकून आत घाला. फळीखाली च्युइंगगम असणारच. बर्फ धरा, कडक झाला की पत्तीने टक्कन उडतो.

एखादी फळी इतकी जोडलेली आणि भरलेली असेल की रंगाशिवाय गत्यंतर नाही, तर आधी लांबी (पुट्टी), मग अस्तर (प्रायमर), मग रंग. पण बॉलपेनची शाई अस्तरातूनही वर येते. बदामात कोरलेली नावं लांबीने बुजतात, शाईची नाही. त्यावर स्पिरिटमध्ये विरघळवलेल्या चपड्याचा (लाखेचा) एक हात द्यायचा. (तेव्हा जवळपास कुणी बिडी ओढत नाही ना, ते बघा.)

सांगाड्यांचं सोपं आहे. तारेचा ब्रश (जुना रंग असेल तर इथेही ओलं करूनच, मग पुसून कोरडं), रेड ऑक्साइड म्हणजे गंज रोखणारं अस्तर, वर ऑइल पेंटचे दोन पातळ हात. फक्त पायांचे रबरी बूट काढून बघा. फरशी पुसताना पाणी त्यात शिरून साठतं आणि पाइप तिथूनच कुजतो. रंग पूर्ण वाळल्यावर नवे बूट बसवा. सनमायकाला रंगाच्या वाटेला जाऊच नका. धुण्याच्या सोड्याने घासा, शाई स्पिरिटने पुसा, सुटलेल्या कडा चिकटवून रात्रभर विटांखाली दाबून ठेवा.

सामान पुण्यातल्या बोहरी आळीतून घ्या, पण गाडी नेऊ नका. रविवार पेठेत शिरलेली गाडी बाहेर काढण्यात सकाळ जाते. डब्यावर शिशाबद्दलची सूचना वाचूनच पैसे द्या.

दोन रविवार पुरतील, पण मधल्या आठवड्यात दोघा-तिघांना संध्याकाळी यावं लागेल. पहिल्या रविवारी घासणं आणि गंज काढून लगेच रेड ऑक्साइड. मधल्या संध्याकाळी पेपर आणि वार्निशचा पहिला हात. दुसऱ्या रविवारी सांगाडे आणि वार्निशचा दुसरा हात, उरलेले हात सोमवार-मंगळवारी. सकाळी सात ते अकरा, सावलीत. मेच्या उन्हात रंग ब्रशखालीच ओढतो आणि फोड येतात. चार वाजता ढग दाटले की बाक आत घ्या, वळीव विचारून येत नाही. पुण्यात पाऊस दहा जूनच्या आसपास धरतात, म्हणून मेचा शेवटचा रविवार या कामाला नको. वाळल्यासारखं वाटलं तरी आणखी आठवडाभर बाक मोकळे राहू द्यात.

चाळीसही बाक एकदम काढू नका. आधी एकच पूर्ण करा, चार दिवसांनी त्यावर प्लॅस्टिक कव्हरची वही ठेवा, वर दोन विटा, आणि सकाळी वही उचलून बघा. कव्हर चिकटलं तर बाकीच्यांना हात लावण्याआधी इथे येऊन सांगा, डब्याचा फोटो टाका.